आईची डोंगरातली भुजली

आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला तांदूळ लपवायची सवय बंदीने लावली. ज्या वर्षांत जिल्ह्याबाहेर तांदूळ न्यायला मनाई होती, त्या वर्षांत नागपूरला लेकीकडे निघालेली म्हातारी माणसंसुद्धा एसटीत मांडीवर उशी घेऊन बसत. त्या उशीत कापूस कमी आणि तांदूळ जास्त असे. नाक्यावरच्या शिपायालाही ते ठाऊक असे. तो उशी दाबून बघे, म्हातारीच्या तोंडाकडे बघे आणि बहुतेक वेळा गाडीतून उतरून जाई. पुढे बंदी उठली, पण सवय काही उठली नाही. त्या सवयीपायी माझी आई नेपाळच्या एका डोंगरात उपाशी पडली. तिथून ती धडधाकट परत आली ती जिच्यामुळे, तिचं नाव मला आजही माहीत नाही. का माहीत नाही, तेही पुढे येईलच.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी तुमसरला एका राइस मिलमध्ये काट्यावर होतो. आलेलं धान तोलायचं, निघालेला तांदूळ तोलायचा, कोंडा-कनकी वेगळी तोलायची आणि सगळ्याचा मेळ घालायचा, हे माझं काम. घर मात्र गावातच होतं, आंबागडच्या डोंगराखाली. तळ्याखालची थोडी धानाची शेती वडील बघत.

त्याआधीच्या वर्षी वडील मोठ्या दुखण्यात सापडले. नागपूरच्या दवाखान्यात कितीतरी दिवस त्यांना शुद्ध नव्हती. आई त्यांच्या खाटेशेजारी जमिनीवर बसून असे. समोरच्या भिंतीवर कुठल्याशा औषधवाल्याचं कॅलेंडर होतं आणि त्यावर पशुपतिनाथाच्या देवळाचं चित्र होतं. डोळ्यासमोर सदानकदा तेच, म्हणून नवसही त्यालाच बोलला गेला. तिथे रामटेकचं चित्र असतं, तर आमचं काम एका दिवसात झालं असतं.

नवस असा होता: हे आपल्या पायांनी घरी चालत आले, तर मी तुझ्या दर्शनाला येईन, आणि घर सोडल्यापासून दर्शन होईपर्यंत घरचंच अन्न, घरच्याच हातचं खाईन. वडील चालत घरी आले. आता नवस फेडायचा राहिला होता, आणि तो चुकला तर दुखणं परत येणार, याबद्दल आईच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

भंडाऱ्याचा एक यात्रावाला दरवर्षी काशी-प्रयाग करून नेपाळपर्यंत बस नेत असे. शेतकरी माणसाला उन्हाळ्यातली बस बरी, पण वडिलांची तब्येत सावरेपर्यंत उन्हाळा सरला. शेवटची बस मृगात निघणार होती. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाफ्यात पेरून झाली की रोवणीपर्यंत मध्ये थोडी सवड असते, त्या सवडीत जाऊन यायचं ठरलं. वडील आले नाहीत. म्हणाले, "पऱ्ह्यायले राखन कोन? तुम्ही जा. माह्यासाठीच तर जाऊन राहिले."

आईच्या जेवणाचा हिशोब मी केला. दोन वेळचा भात, इतके दिवस, वर अडचणीचे चार दिवस धरले आणि आमच्याच शेताचा तेवढा तांदूळ पायलीने मापून दिला. तो घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरायचा, असं मी सुचवलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर आई ओसरीत गादी उसवून बसलेली, आणि तांदूळ कापसाच्या मधोमध.

"माय, नेपाळात तुह्या तांदळाले कोन अडवते? डब्यात घे ना."

"तू काट्यावरचा मानूस," आई सुईत दोरा ओवत म्हणाली. "तुले वजन समजते. नाका नाही समजत."

बसमध्ये बहुतेक मंडळी जिल्ह्यातलीच होती. शहापूरचे एक वयस्क शेतकरी होते, त्यांना सगळी बस मामाजी म्हणे. त्यांचं तोंड भंडाऱ्यापासून काशीपर्यंत एकदाही बंद झालं नाही. आई रोज सकाळी गादीचा कोपरा उसवून मूठभर तांदूळ काढी, स्टोवर भात करी, आणि परत टाके घाली. मामाजी म्हणत, "बाई, तुमची गादी रोज बारीक होऊन राहिली. परतीच्या वाटंवर चादर उरन."

रक्सौलच्या नाक्यावर सामान तपासणारा माणूस बसमध्ये चढला. खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं होतं. मी तोंड उघडणार तोच आईने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की मी नुसताच खोकलो. त्याने वरवर पाहिलं आणि तो उतरला. मला राहवेना. मी मागोमाग उतरून त्याला विचारलं, खाण्यापुरता तांदूळ नेला तर चालतो का? तो हसायलाच लागला. "खाने का चावल? ले जाइये ना भाईसाहब, कौन रोकता है!"

मी ते आईला सांगितलं. ती म्हणाली, "तसं म्हनतेतच. सांगितलं का मंग उतरवून घेतेत." आणि वीरगंज येईपर्यंत ती मोठ्या समाधानाने बसली होती.

पुढे हेटौड्यानंतर घाट लागला. तसा घाट आम्ही जन्मात पाहिला नव्हता. वळण संपलं म्हणावं तर पुढे दुसरं. आईला पहिल्याच चढावर उलट्या सुरू झाल्या. आणि पाऊस. तो आमच्याकडच्यासारखा येऊन मोकळा होणारा नव्हता, बारीक, थंड, दिवसभर चिकटून राहणारा होता. बसच्या टपावरची ताडपत्री काशीलाच फाटली होती, हे आम्हाला नंतर कळलं. टपावर ट्रंका होत्या, वळकट्या होत्या आणि आईची गादी होती. पत्र्याच्या डब्याला काही झालं नसतं. कापसाने मात्र तो सगळा पाऊस पिऊन घेतला.

संध्याकाळी एका वळणावर बस थांबली. पुढे दरड कोसळली होती. ड्रायव्हर पाहून आला आणि म्हणाला की रस्ता मोकळा व्हायला दोन-तीन दिवस तरी लागतील. रस्त्याकडेला चार-पाच चहाची दुकानं होती, वरच्या माळ्यावर झोपायची सोय होती. मंडळी तिथे पांगली. आमची गादी खाली काढायला दोन माणसं लागली.

सकाळी आईने गादी उसवली. तांदूळ फुगून मऊ पडला होता, कापसात गुरफटला होता. गादीच्या खोळीचा लाल रंग उतरून तो गुलाबी झाला होता आणि आंबूस वास सुटला होता. आईने एक दाणा बोटात चिरडून पाहिला. आई कुणावर चिडली नाही, रडली नाही. तिने ती खोळ पुन्हा नीट दुमडली आणि म्हणाली, "हे देवाले चालत नाही, मानसाले बी चालत नाही."

फळांना नवसाची आडकाठी नव्हती. वीरगंजला घेतलेली केळी होती, पण ती आदल्या दिवशीच उलटीत पडून गेली होती, आणि या डोंगरात दुसरं फळ मिळेना. दुकानात भात होता, डाळ होती, ऊन ऊन वाफ येत होती. आई भिंतीला टेकून पाणी पीत राहिली.

"माय, देव समजून घेते," मी म्हणालो.

"देव समजन रे. दुखनं समजन काय?"

मामाजींनी समजावून पाहिलं, बाकी बायकांनी समजावून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिला ताप चढला. उठून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येई. जवळपास डॉक्टर नव्हता, होता तो दरडीच्या पलीकडे. घरी मी वडिलांना काय सांगणार होतो? तुम्ही बरे झालात म्हणून माय गेली?

दुकानाच्या वळचणीखाली आईला चादरीत गुंडाळून बसवलं होतं, तेव्हा ती बाई आली. आईच्याच वयाची असावी. पाठीवर वेताची निमुळती टोपली, टोपलीचा पट्टा कपाळावरून घेतलेला, आणि टोपलीत पऱ्ह्यांच्या जुड्या, मुळांचं पाणी ठिबकत असलेल्या. त्या डोंगरात पायऱ्यापायऱ्यांची शेतं होती आणि रोवणी चालली होती. आईची नजर त्या जुड्यांवर गेली. बाई थांबली आणि सहज विचारल्यासारखं म्हणाली, "भात खानुभयो?"

हे तिकडचं रामराम आहे, हे मला पुढे समजलं. भेटलं की भात खाल्ला का विचारतात, आणि हो म्हणून पुढे जातात. आईला त्यातला भात तेवढा कळला. तिने मान हलवली. नाही.

बाईने टोपली उतरवली. आईच्या कपाळाला हात लावून पाहिला, आणि खालच्या बाजूला कुणाला तरी हाक मारली. छत्री टेकत एक म्हातारे गृहस्थ वर आले. ते तिचे सासरे. तरुणपणी हिंदुस्थानच्या पलटणीत होते, त्यामुळे हिंदी चांगलं बोलत.

"कहाँ के हो?"

"नागपूरच्या बाजूचे." भंडारा त्यांना कुठून माहीत असणार.

"नागपूर! संतरा!" ते म्हणाले. "रेल से देखा है. माताजी खाती क्यों नहीं?"

मी सगळं सांगितलं. वडिलांचं दुखणं, नवस, गादी. गादीचं ऐकून ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. सुनेला त्यांच्या बोलीत सांगितलं. तिने मला एकदा नखशिखांत पाहिलं, म्हणजे बहुधा असं, की हा एवढा मोठा घोडा आणि याला एक डबा सांभाळता आला नाही. मग तिने जुड्या वळचणीला लावल्या, रिकामी टोपली पाठीला घेऊन ती आईसमोर पाठ करून बसली आणि आत बसायची खूण केली.

"अवं बाई, पडशीन वं! मी काय पऱ्ह्याची जुडी आहो?" आई घाबरून म्हणाली. पण तिच्यात भांडायचं बळ नव्हतं. आम्ही दोघांनी तिला उचलून टोपलीत बसवलं. बाईने पट्टा कपाळावर घेतला, गुडघ्यावर हात दाबून उठली आणि निसरड्या पायवाटेने खाली निघाली. मी मागून छत्री धरून चाललो होतो. छत्री कुणावर धरावी तेच कळत नव्हतं.

घर मातीचं, सारवलेलं होतं. ओसरीवर आईला घोंगडीत निजवलं. बाईने बाहेर पडवीत तीन दगड मांडले, लाल माती आणि शेण कालवून जागा सारवली, नवी चूल केली. घासून लख्ख केलेलं पितळी भांडं आणलं. सुपात तांदूळ आणले आणि सगळं आईपुढे ठेवून ती दूर जाऊन बसली. तिच्या घरात परक्याला स्वयंपाकाच्या जागी पाऊल टाकू देत नाहीत, हे सासऱ्यांनी मला सांगितलं. म्हणून तिने आईसाठी वेगळी चूल मांडली होती, की तू तुझ्या हाताने कर, माझी सावलीसुद्धा पडणार नाही. एका अनोळखी बाईच्या नवसाची तिने एवढी काळजी घेतली होती.

आईने सुपाला हात लावून नमस्कार केला. मग सूप हळूच मागे सारलं.

"हात माहा आहे बाई, पन धान घरचं नाही."

मी हात जोडले. म्हणालो, "माय, आता पुरे कर. तुह्या पाया पडतो."

"तुह्या बापाच्या जिवाशी खेळू काय?" ती म्हणाली आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

म्हाताऱ्यांनी सुनेला सांगितलं. ती एकदम उठली आणि पावसात निघून गेली. मला वाटलं, अपमान झाला. वाटणं साहजिक होतं. दारी आलेल्या माणसाने पुढे केलेलं सूप परत लोटलं, तर आमच्या गावातही कुणाला राग आला असता. मी सासऱ्यांची माफी मागायला लागलो. ते छत्रीच्या टोकाने चिखल उकरत नुसते "रुको" म्हणाले.

ती आली तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि हातात पऱ्ह्यांची एक मूठ होती, हिरवीगार. ती आईजवळ येऊन बसली आणि एकच शब्द बोलली. "मितिनी?"

सासऱ्यांनी समजावलं. "हमारे यहाँ मित लगाते हैं. औरत-औरत लगाएँ तो मितिनी. खून का रिश्ता नहीं, मगर खून से पक्का. फिर एक का घर दूसरी का घर. नाम नहीं लेते एक-दूसरे का. एक मरे तो दूसरी सूतक मानती है."

आईने भिंतीकडचं तोंड वळवलं. "म्हंजे भुजली?" ती मला म्हणाली.

आमच्याकडे श्रावणात, राखीच्या सुमाराला, टोपल्यांत माती घालून अंधाऱ्या कोपऱ्यात गहू रुजवतात. त्याचे पिवळे कोंब म्हणजे भुजली. तळ्यावर टोपल्या शिरवल्या, म्हणजे विसर्जित केल्या, की ते कोंब एकमेकांना देतात, कानामागे खोवतात. आणि दोघींनी ठरवून, मनापासून ते खोवले, की त्या जन्मभराच्या भुजल्या झाल्या. मग नाव घ्यायचं नाही, भुजलीच म्हणायचं. सुखदुःखात सख्ख्या बहिणीसारखं जायचं. आईच्या माहेरी तिची एक भुजली होती. लहानपणी मी चुकून त्या मावशीचं नाव आईसमोर घेतलं, तेव्हा पाठीत धपाटा खाल्ला होता.

मला वाटलं, सुटलो. आता आई हो म्हणेल. पण ती लगेच हो म्हणाली नाही. तापात डोळे लाल झालेले, आवाज फुटेना, तरी म्हणाली, "तिले विचार. मी पोटासाठी नातं लावनार नाही. नवसाची पळवाट म्हनून भुजली करू, तर देव बी हासन अन ते भुजली बी खोटी. तिले खरीच पाह्यजे आहे काय?"

म्हाताऱ्यांनी विचारलं. सून बराच वेळ बोलली. बोलताना ती आईकडे पाहत नव्हती, हातातल्या पऱ्ह्यांची मुळं निरखत होती. सासरे मला म्हणाले, "कहती है, मायके में उसका कोई नहीं बचा. बहन थी, वह भी गई. तीज-त्योहार पर किसी के घर का रास्ता नहीं देखती. कहती है, माताजी को मेरी ज़रूरत आज है, मुझे उनकी ज़रूरत बहुत दिन से है."

मी ते आईला मराठीत सांगितलं.

आई कोपरावर रेटा देऊन उठून बसली. आणि पहिली गोष्ट काय केली, तर डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला आणि तोंड म्हाताऱ्यांकडून फिरवलं. मी म्हणालो, "काय झालं माय?"

"भुजलीचा सासरा म्हंजे माहा बी सासरा नाही काय रे? त्यायले म्हना, थोडं तिकडं सरकून बसा."

मी सांगितल्यावर म्हातारे इतके हसले की त्यांना खोकला आला. "माताजी, अभी तक तो घूर के देख रही थीं!" असं म्हणत ते ओसरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले, आणि त्यानंतर आई त्यांच्याशी थेट बोलली नाही. जे बोलायचं ते मला सांगे, आणि ते तीन हातांवरून ऐकत.

बाईने तांदूळ आणि दही कालवून आईच्या कपाळाला लावलं. आईने तेच बोटावर घेऊन तिला लावलं. पऱ्ह्यांची मूठ अर्धी अर्धी केली. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आईने चार काड्या तिच्या कानामागे खोवल्या. तिच्याकडे तशी रीत नसावी, पण तिने लगेच पाहून आईच्या कानामागे खोवल्या. मुळांची माती दोघींच्या मानेवर ओघळली. देण्याघेण्यासाठी आईजवळ होतं काय? दर्शनाच्या वेळी नेसायला ठेवलेलं कोरं लुगडं तेवढं होतं. वर बसमध्ये जाऊन मी ते आणलं. भुजलीने आपल्या कमरेचा लांब शेला सोडून आईला गुंडाळला.

"आता हे घर माहं," आई म्हणाली. "धान बी माहं, हात बी माहा. रांध म्हना तिले. आतल्याच चुलीवर रांध म्हना."

ती आत गेली. थोड्या वेळाने पातळ भाताची पेज घेऊन आली, मीठ घातलेली, वाफाळती. आमच्याकडे तापातल्या माणसाला देतात तशीच. तिने आईचं डोकं आपल्या हातावर घेतलं आणि वाटीनेच पाजली. पहिला घोट घेताना आईने डोळे मिटले. ती वाटी केवढी होती, किती घोट झाले, हे माझ्यासारख्या माणसाने हटकून पाहिलं असतं. त्या वेळी मी अंगणात जाऊन उभा राहिलो होतो.

संध्याकाळी आईने आणखी थोडी पेज घेतली. सकाळी ताप उतरला होता. दरड अजून होतीच. दुपारी आई शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन बसली, तेव्हा आमची अर्धी बस तिथे जमलेली. खाली बायका एका ओळीत वाकून रोवत होत्या, गाणं म्हणत होत्या, मध्येच एकमेकींवर चिखल उडवत होत्या. मामाजी धुऱ्यावर उभे राहून सल्ले देत होते.

"एवढ्याशा बांधीत धान होते तरी काय? आमच्याकडं एवढ्या जागेत म्हैस बसते!"

एका बाईने त्यांच्याकडे पाहिलं, काही बोलली, आणि चिखलाचा एक गोळा बरोब्बर त्यांच्या धोतरावर येऊन बसला. सगळा डोंगर हसला. मामाजी म्हणाले, "समजलं बापा. रोवनीत मालकाले बी सोडत नाही, मंग पाव्हन्याले काहून सोडन!" आणि धोतर खोचून ते उतरले बांधीत, त्या चिखलाच्या तुकड्यात. मागून आमच्या चार-पाच बायका उतरल्या. चालीचं त्यांना काही शिकवावं लागलं नाही. वाकायचं, अंगठ्याने खोचायचं, मागे सरायचं. तिकडे आणि इकडे तेच. आई शेवटी उतरली. मी नको म्हणत होतो. भुजलीच्या शेजारी उभी राहून तिने एकच ओळ रोवली, आणि भुजलीने हात धरून तिला परत वर बसवलं.

रस्ता मोकळा झाला तेव्हा मी माझ्या स्वभावाप्रमाणे वागलो. आमचे दोघांचे झालेले दिवस, तांदूळ, दही, लाकडं, असा अंदाज करून काही रक्कम कागदात गुंडाळली आणि सासऱ्यांपुढे धरली. त्यांनी हात मागे घेतले. आईने ते पाहिलं आणि पदराआडून मला म्हणाली, "भुजलीशी हिशोब करतेत काय रे? चुपचाप खिशात ठेव थे."

वर रस्त्यावर दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. एकीची बोली दुसरीला येत नव्हती. भुजलीने तांदळाचं एक गाठोडं आईच्या हातात दिलं. दर्शनापर्यंत हाच शिजव, अशी खूण केली. मी तिचं नाव विचारणार होतो, गावही लिहून घेणार होतो. आईने पाहिलं आणि माझा हात दाबला. नाव घ्यायचं नसतं, मग विचारायचं कशाला? गावाला तिथे जो तो वेगळंच नाव सांगत होता. शेवटी माझ्याकडे काहीच लिहिलेलं उरलं नाही.

काठमांडूला आईने त्या तांदळाचा भात स्वतः करून खाल्ला आणि जुनंच लुगडं नेसून, वर तो शेला गुंडाळून दर्शनाला गेली. पुजाऱ्याने पूजेसाठी नावं विचारली. आईने वडिलांचं नाव सांगितलं, माझं सांगितलं. पुजारी म्हणाला, "और?" आई घुटमळली. मग म्हणाली, "अन माही भुजली." पुजाऱ्याने नाव विचारलं. आईने मान हलवली. तो वयस्क माणूस होता, त्याने मंत्रात जागच्या जागी काहीतरी बसवून दिलं आणि पुढे गेला. आईचं समाधान झालं.

पुढे ऐंशीच्या दशकात तुमसरला बाजाराच्या रस्त्यावर रात्रीची राखण करायला नेपाळी माणसं येऊ लागली. आई तुमसरला माझ्याकडे आली की त्यातला जो दिसेल त्याला हाक मारून घरात बसवी. विचारायची रीत तिने तिकडचीच ठेवली होती. "भात खाल्ला काय रे?" नाही म्हटलं की पान वाढायची. हो म्हटलं तरी वाढायची. मी एकदा म्हणालो, माय, हे त्या गावचे कशावरून? तर म्हणाली, "भुजलीच्या मुलखातले आहेत ना? मंग झालं."

पण मला सांगायचं होतं ते घरी परतल्या दिवसाचं. पाऊस चांगला लागला होता, पऱ्हे रोवणीला आले होते. वडील तळ्याच्या पाळीवरून आम्हाला पाहून खाली आले, स्वतःच्या पायांनी, जरा घाईनेच. दोन दिवस उशीर झाला होता. त्यांनी माझ्याकडे न पाहता आईकडे पाहिलं. ती वाळली होती.

"वाटंत तांदूळ पुरला काय?" त्यांनी विचारलं.

मी पायांकडे पाहिलं. आई म्हणाली, "नाही पुरला. गादी भिजली."

वडील थबकले. नवस काय होता ते त्यांनाही ठाऊक होतं, आणि तो कुणासाठी होता तेही. त्यांनी जपून विचारलं, "मंग जेवली कोठी?"

आईने गाठोड्याचा उरलेला तांदूळ त्यांच्या ओंजळीत ओतला. वडिलांनी सवयीने दाणा दाताखाली धरून पाहिला. आखूड, जाड, आमच्याकडे नसलेलं वाण.

"घरीच जेवली," आई म्हणाली.

वडिलांनी तिच्या कमरेच्या शेल्याकडे पाहिलं, परत तांदळाकडे पाहिलं. त्यातला एक दाणाही खाली पडू न देता त्यांनी तो धोतराच्या सोग्यात बांधला, आणि आम्ही घराकडे निघालो.